मेंदीच्या बोटावरची चिमटी

मी एक चिमटी बोलतेय. कपडे वाळत घालायची नव्हे हो, बोटाला लावली की रक्तातला ऑक्सिजन सांगणारी. पण रूप तसंच, त्यामुळे गाबेस शहरातल्या या घरात आल्या आल्या मुलींना सांभाळणाऱ्या मब्रूकामावशींनी मला दोरीवरच लावलं होतं. एक ओला मोजाही सांभाळला मी.

हे अपंग मुलींचं वसतिगृह. शहरात साथ शिरली तेव्हा कोणीतरी मला खोक्यात घालून पाठवलं. वापरायची कशी, ते सांगायला मात्र कोणी आलं नाही. आकडा नव्वदच्या खाली गेला की वाईट, एवढंच मावशींच्या हाताखाली काम करणाऱ्या धाकट्या दलंदाला ऐकून माहीत होतं.

साथीमुळे ईदला भेटायला कोणी येणार नव्हतं. निदान हात तरी सणाचे दिसू देत, म्हणून मावशींनी सगळ्या मुलींच्या बोटांना मेंदी लावली. इथली गडद मेंदी, तीही दोनदा. नखं काळीभोर झाली आणि माझा उजेड आत शिरेना. मी नुसत्या रेघा दाखवायचे, नाहीतर भलताच कमी आकडा. दलंदा रडायलाच लागली. दवाखान्यातली नर्स फोनवर म्हणाली, मेंदीमुळे होतं तसं. मग मोजायचं कसं, ते दलंदाने विचारलं नाही आणि नर्सने सांगितलं नाही. झालं, मी खोटारडी ठरले.

मग वसीला नावाची मुलगी जेवेनाशी झाली. तिला बोलता येत नाही, पण कोणी शिंकलं तरी ती खदखदून हसते. आता हसेना. बोट गार लागत होतं, श्वास भराभर चालला होता. मी चौऱ्याऐंशी दाखवले.

"मेंदी," मावशी म्हणाल्या.

खरं सांगू, मलाही कळत नव्हतं मी खरं बोलतेय की खोटं. त्याचीच जास्त भीती वाटली.

दलंदा वसीलाच्या निळसर पडलेल्या ओठांकडे बघत राहिली. "मावशी, पायाला कुठे मेंदी आहे?"

"पायाने श्वास घेते का गं ती?" असं म्हणत मावशींनीच मोजा काढला.

अंगठ्यावर मला लख्ख दिसलं. एकोणऐंशी.

मावशींनी वसीलाला कवटाळलं. याआधी दवाखान्यात नेलेल्या इथल्या दोघी मुली परत आल्या नव्हत्या. "नको नेऊ. माझ्या हातात राहू दे तिला."

"आणि मी काय करू, आकडा उतरताना बघत बसू?" दलंदाने फोन उचलला.

आता आम्ही दवाखान्याच्या गाडीत आहोत. वसीलाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आहे, अंगावर मावशींची पांढरी ओढणी. मावशींना आकडे वाचता येत नाहीत. "काय म्हणतेय ती चिमटी?" असं त्या सारखं गाडीतल्या माणसाला विचारतात, आणि तो सांगायला जरा वेळ लावतो.

मला घाबरलात तरी चालेल, बायांनो. फक्त मी वाईट बातमी दिली म्हणून मला खोटी म्हणू नका. दुसरं बोट शोधा. कोणाला तरी पुन्हा विचारा.

एक्क्याऐंशी. रस्त्याला खड्डे फार आहेत. मी तिचा अंगठा घट्ट धरून ठेवलाय.