निळ्या ड्रमातले हिरवे डाग

मी एक जुना निळा ड्रम आहे, मित्रांनो. गोठ्यामागच्या भिंतीला टेकून उभा असतो. पोटात दोन मोडके दांडे आणि एक फाटकी चप्पल. अंगावर लाल रंगाची मोठी फुली आहे. ती का, ते सांगतो. इकडे सहसा कुणी फिरकत नाही, तेव्हा आलाच आहात तर दोन घटका बसा.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यात फुगलो, थंड झालो आणि बाजारात आलो. तिथे वहिनींनी मला मडकं पारखावं तसं दोनदा ठोकून बघितलं आणि घरी आणलं. वहिनींचे यजमान वारल्यापासून शेत त्या आणि त्यांचे दीर मिळून बघत. दिराला त्या भाऊजी म्हणत, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो.

त्यांच्या बटाट्यावर काळ्या खपल्या धरायच्या. कोंब मातीतच कुजायचे. भाऊजी त्यावर औषधाचे डबे आणत. वहिनींनी मात्र मित्रबुरशी आणली. दिसायला नुसती हिरवी भुकटी, पण जिवंत. ती माझ्यातल्या पाण्यात कालवायची, बियाण्याचे बटाटे त्यात बुडवायचे आणि सावलीत सुकवून लावायचे. मग ती मुळांशी घर करते आणि रोगाच्या बुरशीला थारा देत नाही.

"बुरशी मारायला बुरशीच?" भाऊजी हसायचे. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देताय, वहिनी."

"काट्यानंच काटा निघतो, भाऊजी," वहिनी म्हणायच्या आणि मला दोनदा ठोकून कामाला लागायच्या.

सहा वर्षं शेताच्या एका तुकड्यावर हे चाललं आणि सहाही वर्षं तिथला बटाटा स्वच्छ निघाला. शेजारणी मला बघायला यायच्या. खोटं कशाला सांगू, मी फुगून जायचो. माझ्या आतल्या खरबरीत भिंतीवर हिरवे डाग पडले होते. वर्षातले अकरा महिने मी रिकामाच असायचो, पण त्या डागांमुळे मला एकटं वाटत नसे.

सातव्या वर्षी भाऊजी म्हणाले, "या खेपेला सगळं शेत तुमच्या पद्धतीनं करू. पण फसलं, तर पुढे कायम माझं ऐकायचं."

"कबूल," वहिनी म्हणाल्या.

लावणीच्या आधी त्या लेकीच्या बाळंतपणाला आठवडाभर गेल्या. मागे भाऊजींनी माझ्यात डोकावून बघितलं. माणूस मनानं वाईट नाही. वहिनी येईपर्यंत ड्रम लख्ख करून ठेवू, एवढंच त्यांच्या मनात होतं. "केवढी बुरशी चढलीय," असं पुटपुटत त्यांनी माझ्यात बुरशी मारायचं औषध काठोकाठ भरलं. दोन दिवस तसंच ठेवलं, मग घासलं आणि वरवर विसळलं. माझ्या चऱ्याचऱ्यात औषध मुरलं होतं.

वहिनी आल्या. हिरवी भुकटी माझ्यात पडली आणि माझ्याच पोटात मेली. मला ते कळत होतं. मित्रांनो, कळतं पण बोलता येत नाही, याहून मोठा एकटेपणा नाही.

कोंब कुजले. शेतभर टक्कल पडलं. शेजारणी बांधावरूनच परत जायला लागल्या. वहिनी माझ्याजवळ येऊन उभ्या राहायच्या आणि न ठोकताच निघून जायच्या.

मग एके दिवशी विहिरीकडची शेवटची ओळ त्यांच्या नजरेत भरली. तिथली रोपं तरारून आली होती. त्या बांधावरच खाली बसल्या. लावणीच्या दिवशी मी बटाट्यांनी भरलेला होतो, म्हणून शेवटच्या पाटीतले बटाटे त्यांनी न्हाणीघरातल्या बादलीत वेगळी भुकटी कालवून बुडवले होते. तडक येऊन त्यांनी माझ्यात तोंड घातलं आणि वास घेतला.

"भाऊजी, यात काय घातलं होतं?"

भाऊजींनी सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. "मी आपला स्वच्छ करायला गेलो, वहिनी."

"केलात की. अगदी निर्मळ," वहिनी म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. मग पदर डोळ्यांना लावला.

"पैज गेली खड्ड्यात," भाऊजी म्हणाले. "पुढच्या वर्षी बियाणं मी स्वतः बुडवतो."

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. पण प्लास्टिकात मुरलेल्या औषधाची खात्री देता येत नाही. लाल फुली वहिनींनीच काढली, स्वतःच्या हातानं. नवा पांढरा ड्रम आला.

दर लावणीला भिंतीपलीकडून मला ऐकू येतं. भाऊजी पाणी ओततात, वहिनी नव्या ड्रमाला दोनदा ठोकतात. इकडे माझं पोट उगाच घुमतं.

माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे, मित्रांनो. कुणाचंही भांडं घासायला घ्याल, तेव्हा आधी विचारा, आत कोण राहतं.