काळा पडणारा पेरू

बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या आवारात माणसं मावत नव्हती. तिथे बसणारा एक बाबा समोरच्याच्या तळहातावर तांब्यातलं पाणी ओतायचा, कच्च्या पेरूची फोड घासायचा, आणि फोड बघता बघता काळीठिक्कर पडायची. “विष उतरलं,” तो म्हणायचा. मग औषधं बंद आणि आवारातल्या झाडाचे तीन पेरू रोज खायचे, तेही न धुता. धुतलं की म्हणे गुण जातो.

माझ्या ताईने हेच केलं. सात वर्षांच्या भाचीच्या अंगात रक्त कमी, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं औषध तिने मोरीत ओतलं. महिन्याभरात पोर आणखी पांढरी पडली, पोट धरून रडू लागली. मी समजावलं, तर ताईने मला घरातून जायला सांगितलं.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. निघताना ताईच्या पिशवीतले दोन पेरू उचलले होते, ते तपासले. सालीवरच्या धुळीत शिसं निघालं, भरपूर. गरातही थोडं होतं. अहवाल घेऊन तडक आवार गाठलं. रांगेत ताई होती, खांद्यावर निपचित भाची.

मी हात पुढे केला, पण त्यावर माझ्याच बाटलीतलं पाणी ओतलं. बाबाने फोड घासली. पांढरीच राहिली. या बाईच्या मनात श्रद्धा नाही, तो म्हणाला. कुणीतरी माझा दंड आवळला. मी तांब्या उचलून शेजारच्या ताटातल्या फोडींवर उपडा केला. त्या सगळ्या काळ्या पडल्या.

“ताटालाही विष चढलं होतं का?”

कुणी हसलं नाही. दंडावरचा हात तेवढा सुटला. मी सांगितलं, त्या पाण्यात लोहाचा क्षार आहे. पेरूतला तुरटपणा त्याला भेटला की शाईसारखा काळा रंग होतो. खरं विष डोळ्यांना दिसत नाही. ते इथल्या धुळीत आणि मातीत आहे, जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं. लोह अंगाला हवं असतं, शिसं कणभरही नको.

बाबाने रिकामा तांब्या ओढून घेतला. ताईने एवढंच विचारलं, “डॉक्टर किती वाजेपर्यंत असतात?”

भाचीच्या रक्तातही शिसं सापडलं. ती वाचली, पण पूर्वी तोंडपाठ असलेले पाढे अजून अडखळत म्हणते.

झाड जमिनीतून काय उचलतं आणि सालीवर काय साचतं, हे चमत्कार सांगत नाही, तपासणी सांगते. फळ धुवा, माती तपासून घ्या, आणि औषध बंद करायला सांगणाऱ्याला आधी पुरावा मागा.