हळदीतून हाकललेली कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे आणि स्वभावाने भारी भित्री आहे. माझ्या पोटातली फीत केसाहून पातळ. ती एकदा टेपरेकॉर्डरच्या चाकात गुंतली की आमचा जीव गेलाच म्हणून समजा. माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या दोघी अशा गेल्या. तेव्हापासून टेपचं झाकण नुसतं वाजलं तरी मला धडकी भरते.

माझ्यात विनीतची गाणी आहेत. विनीत हा एके काळचा पॉप गायक. त्याचं गाणं लागलं की म्हातारेकोतारेही कंबर हलवत. पण माझी गाणी भरली तेव्हा त्याचा घसा बिघडला होता. तो एकटाच गिटार घेऊन बसला आणि घोगऱ्या आवाजात हळूहळू गायला. ठेका नाही, कोरस नाही. माझ्यावर छापला मात्र त्याचा जुनाच, चमकत्या कोटातला फोटो.

त्या फोटोला मानपाड्याचे महिपत भुलले. धाकट्या भावाच्या हळदीसाठी त्यांनी मला विकत आणलं. आगरी घरातली हळद म्हणजे दणदणीत नाच! मांडवात सगळे हात वर करून उभे राहिले आणि माझ्यातून आली एकट्या गिटारीची किणकिण.

"अरे, याचा घसा बसलाय! काढ रे ती!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

महिपतांचा चेहरा पडला. मांडवभर हशा झाला आणि मी शोकेसच्या खणात जाऊन पडले. मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगू? चाकांपासून सुटले म्हणून थोडं बरंही वाटलं. पुढे बैठ्या घराचा बंगला झाला, तरी मी खणातच राहिले.

गेल्या महिन्यात या घरात भीती शिरली. महिपतांची आई सखुबाई ही धवलारीण. लग्नाच्या विधींना वाद्याशिवाय धवला गाते ती. तिच्या आवाजाशिवाय गावात लग्न लागत नसे. तिच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ काढावीच लागेल, पण आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. सखुबाई हटून बसली.

"मना नको तं आपरेशन. गला गेला त धवला कोन बोलंल?"

"आये, गाठ वाढतेय गो," महिपत रडकुंडीला आले होते.

नात समृद्धी तरीही दवाखान्याची पिशवी भरत होती. टॉवेल शोधताना तिच्या हाताला मी लागले. "बाबा, ही कसली कॅसेट?" असं म्हणत तिने माळ्यावरचा टेपरेकॉर्डर काढला आणि मला आत ढकललं. मित्रांनो, माझी बोबडीच वळली. चाक कुरकुरलं, फीत ताणली. आता तुटते, मग तुटते! दुसऱ्या गाण्यात ती चुरगळलीही. पण विनीत थांबला नाही. तिथे एका ओळीत त्याचा आवाज फाटतो. तो श्वास घेतो आणि तीच ओळ खालच्या सुरात पुन्हा गातो. हळदीत तिथवर कुणी ऐकलंच नव्हतं.

सखुबाईने डोळे पुसले. "याचा पन गला गेलाय गो. तरी गातंय."

मग ती समृद्धीला म्हणाली, "बाय, माझी लुगरी घाल पिशवीत."

ऑपरेशन झालं. काल ती घरी आली. बोलायची परवानगी आहे, पण अजून तिने एक शब्द काढलेला नाही. बोलून बघायचीच तिला भीती वाटते. मला तिची भीती पुरती कळते.

आज समृद्धीने मला पुन्हा लावलंय. चुरगळलेली जागा जवळ येतेय आणि मी जीव मुठीत धरून फिरतेय. सखुबाईचे ओठ हलताहेत. समृद्धीने माझा आवाज अगदी बारीक केला आणि आजीच्या तोंडाशी कान नेला. घोगरा, फाटका, पण तो धवलाच होता.

मित्रांनो, जुन्या कॅसेटी जपा, हे तर मी सांगतेच. पण घरात कुणाचा आवाज बसला असेल तर हसू नका. त्याचं गाणं संपेपर्यंत जवळ बसा.