हाऊ काटा मन्हा नही

कामिनीला नोटीस आली ती ऐन कापसाच्या हंगामात. चौदा पानं, सगळी इंग्रजीत. तेरा पानं वकिलांनी आपली हुशारी दाखवायला लिहिली होती. मुद्दा चौदाव्या पानावर होता. वजनकाट्यांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर विकणं बंद करा आणि ज्या एक्केचाळीस काट्यांवर ते चालतंय तिथून काढून टाका. कारण त्याची नक्कल होऊ नये म्हणून तुम्ही जे कुलूप लावलंय, त्याचं पेटंट आमच्याकडे आहे.

आमच्याकडे म्हणजे बेंगळुरूच्या एका कंपनीकडे. आणि कामिनी म्हणजे नंदुरबारात बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर दोन टेबलं टाकून बसणारी पस्तीस वर्षांची बाई. खांडबाऱ्यापासून विसरवाडीपर्यंत तिच्या सॉफ्टवेअरवर गाड्या मोजल्या जात होत्या. ते उद्या बंद पडलं तर बारा वर्षांचं काम मातीत जाणार होतं, आणि वर चोर म्हणून नाव होणार होतं ते वेगळंच.

कुलूप होतं मात्र झकास. काटा रिकामा असला तरी अगदी स्वस्थ कधीच बसत नाही. आकडा शून्य दिसतो, पण आतल्या आत जरासा थरथरतो, आणि ही थरथर दर काट्याची वेगळी. कामिनीचं सॉफ्टवेअर सुरू होताना आधी ती थरथर तपासायचं. ओळखीची निघाली तर कामाला लागायचं. कुणी पेनड्राइव्हवर नक्कल करून दुसऱ्या काट्यावर बसवलं की हटून बसायचं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं, ‘हाऊ काटा मन्हा नही.’ ‘हा काटा माझा नाही’ हे अहिराणीत तिने गमतीने घातलं होतं. त्या गमतीने पुढे काय घोळ घातला ते येईलच.

पुण्यात पेटंटची कामं करणारी स्वप्नाली मूळची शहाद्याकडची. कामिनीने तिला फोन लावला.

“कंपनीने अर्ज केला दोन हजार सोळात,” स्वप्नाली म्हणाली. “पेटंट मिळालं यंदाच्या जानेवारीत. विरोध नोंदवायला वर्षाची मुदत असते, म्हणजे आपल्या हातात दोन महिने आहेत. ही पद्धत सोळाच्या आधी लोकांना उघड माहीत होती असं दाखवलंस, तर पेटंट टिकणार नाही.”

“मी अकरापासून वापरतेय.”

“वापरतेस गं, पण आतली युक्ती कुणाला माहीत होती का? आपल्या कुलपाचं गुपित कुणी गावाला सांगत बसतं?”

कामिनीने नेमकं तेच केलं होतं.

गोष्ट दोन हजार बारातली. तिचे काका चुनीलाल यांचा वजनकाटा कोरीटच्या रस्त्यावर होता, आणि सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसवलं ते तिथेच. एके दिवशी काट्याखालचा सेन्सर जळाला म्हणून काकांनी नवा टाकला. पुतणीला कळवायचं राहून गेलं. सेन्सर बदलला तशी थरथरही बदलली. दुसऱ्या दिवशी पहिली ट्रॉली आली ती कोरीटच्या दोधूआप्पांची, कापसाने भरलेली. काकांनी कॉम्प्युटर चालू केला आणि पडद्यावर अक्षरं उमटली, ‘हाऊ काटा मन्हा नही.’

दोधूआप्पांनी ती वाचली आणि रस्त्यावर उभं राहून बोंब ठोकली. “मशीन सोता सांगी ऱ्हायनं, हाऊ काटा मन्हा नही! मंग काय शे हाऊ? चोरना काटा शे!”

माणूस खोटं बोलेल, मशीन कशाला बोलेल? तालुक्याला तक्रार गेली. आठवड्याने वजनमापाचे निरीक्षक आले, पंच बसले, निम्मं गाव गोळा झालं. चोवीस वर्षांची कामिनी धावत आली आणि काकांचं नाव वाचवायच्या घाईत तिने सगळं ओकून टाकलं. थरथर काय, ती मोजायची कशी, साठवायची कशी, ताडून बघायची कशी. खडूने जमिनीवर आकडे काढून दाखवले. काट्यात खोट निघाली नाही. पण ज्याच्या काट्याचा पंचनामा झाला तो माणूस कायमचा संशयातलाच. ‘निर्दोष’ हा शब्द कुणी ऐकत नाही. ‘पंचनामा’ तेवढा सगळे ऐकतात. चुनीलालकाकांनी पुढे वर्षभर लग्नाच्या पंगती टाळल्या. दोधूआप्पा काट्यावर परत फिरकले नाहीत.

कामिनी काकांकडे गेली आणि पंचनाम्याची प्रत मागितली.

“मन्ही बदनामी शे त्यामा,” काका म्हणाले. “मी कोन्हाले दखाडनार नही.”

तिने हट्ट धरला नाही. नोटिशीत काय आहे तेवढं सांगितलं आणि चहा पिऊन निघाली. वाटेत तिला रडू आलं, काकांचा रागही आला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका माडी चढून आले. प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद टेबलावर ठेवला. “मन्हा एकना नावकरता एक्केचाळीस काटा बंद पाडू का?” म्हणाले, आणि पंख्याखाली घाम पुसत बसले.

कागद सरकारी होता. शिक्का होता, तारीख होती. पण फोनवर पाठवलेला मजकूर बघून स्वप्नालीने कपाळाला हात लावला. ‘सदर मुलीने संगणकाच्या कार्यपद्धतीबाबत उपस्थितांना सविस्तर माहिती दिली.’ बस्स, एवढंच. माहिती कसली, ते निरीक्षकांनी लिहिलंच नव्हतं.

“त्या दिवशी ऐकलेलं नीट सांगेल असं माणूस पाहिजे,” ती म्हणाली. “आणि तुझ्या घरातलं नको.”

पाचातले तीन पंच वारले होते. उरलेल्या दोघांना वडापाव आणल्याचं तेवढं आठवत होतं. मग राहिला एकच माणूस. जो सगळ्यांत पुढे, जमिनीवरच्या खडूच्या आकड्यांना नाक लावून बसला होता, काकांची चोरी पकडायला.

दोधूआप्पांच्या दारात कामिनीला घेऊन चुनीलालकाका अकरा वर्षांनी उभे राहिले. आप्पांच्या बायकोने, सिंधुबाईंनी पाहिलं, खाट टाकली आणि नवऱ्याला मागच्या दारी हाक मारली. आप्पा आले. दोघे म्हातारे एकमेकांकडे सोडून सगळीकडे बघत होते. शेवटी कामिनीनेच विचारलं, “आप्पा, त्या दिन मी काय सांगं व्हतं, याद शे का?”

“याद नही ऱ्हायी?” आप्पा खाटेवर टेकले. “रिकामा काटा बी गपचूप बठत नही. जराजरासा थरथरस. दर काटानी थरथर न्यारी. मशीन पहिले ती मोजस, लिखी ठेवस, मंग रोज ताडी दखस. वयखनी तं काम करस, नही तं अडी बठस. तो सेन्सर बदलना, म्हनीसन तुन्हं मशीन फसनं.”

कंपनीने पेटंटच्या अर्जात ज्याला तीस पानं खर्च केली ते आप्पांनी तीन दमात सांगितलं होतं.

चुनीलालकाका मात्र तापले. “म्हंजे तुले तवयच समजनं व्हतं?”

“त्याच दिन समजनं व्हतं.”

“मंग अकरा वरीस कोठे व्हता?”

आप्पांनी मान खाली घातली. “आख्खा गावमा बोंब मारेल व्हती. कोनतं तोंड लई येतू?”

प्रतिज्ञापत्र नंदुरबारला नोटरीपुढे झालं. स्वप्नाली फोनवर होती. नोटरीने मजकूर वाचून दाखवला, आप्पांनी ऐकला आणि पेन खाली ठेवलं. त्यांना आणखी एक वाक्य हवं होतं: चुनीलालचा काटा बरोबर होता, तक्रार माझी चूक होती.

“आप्पा, त्याचा केसशी काही संबंध नाही,” स्वप्नाली म्हणाली.

“मन्हा शे,” आप्पा म्हणाले.

वाक्य घातलं, तेव्हा सही झाली. काका शेजारीच बसले होते. बाहेर आल्यावर रस्ता ओलांडताना त्यांनी आप्पांचा दंड धरला, आणि पलीकडे पोचल्यावरही सोडला नाही.

निकालाला दीड वर्ष लागलं. कंपनीने काय काय नाही काढलं! गावचं बोलणं म्हणजे प्रसिद्धी नव्हे, पंचनामा खाजगी होता, शेतकऱ्याला तंत्रज्ञान काय कळणार. या शेवटच्या मुद्द्यावर स्वप्नालीने आप्पांचं प्रतिज्ञापत्रच पुन्हा वाचून दाखवलं. अखेर पेटंट रद्द झालं. ही पद्धत नंदुरबार तालुक्यात चारचौघांत सांगितली गेली होती, तेव्हा ती नवी नाही, असं निकालात स्वच्छ लिहिलं होतं. कामिनीचं सॉफ्टवेअर राहिलं, एक्केचाळीस काटे राहिले. आता ती युक्ती हवी त्याने वापरावी. कामिनीची ना नव्हती.

तिने पहिला फोन काकांना केला. आनंदाने तिला नीट बोलताही येत नव्हतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दोधूनं ते वाक्य त्यामा शे का?”

तिने पानं उलटली. पुराव्याच्या परिच्छेदात, त्या वेळच्या तक्रारदाराचं म्हणणं म्हणून, ते वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं उतरवलं होतं. “शे, काका.”

“थांब.” फोनमधून काट्यावरच्या ट्रकचं इंजिन ऐकू येत होतं, माणसांचा कालवा ऐकू येत होता. काका कुणाला तरी गाडी बंद करायला ओरडले. कालवा थांबला. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

“आते वाच,” ते म्हणाले. “आपली भाषामा. जोरमा वाच.”