घरधन्याची कातर

म्हाळसाने कातरींना तेल लावून त्या पोत्यावर मांडल्या, तेव्हा एक कमी भरली. नेमकी नवऱ्याची. तिचं डोकं आणखीच तापलं. दहा वाजून गेले होते. धाकटा दीर सर्जेराव तीन माणसं घेऊन कोऱ्हाळ्याहून सुप्याला पोचला होता, धुतलेल्या अठरा मेंढ्या उन्हात वाळून तयार होत्या, आणि तिचा नवरा बिरू लिंबाखाली डोक्यावरून घोंगडी ओढून पडला होता.

पहिल्या मेंढीवर घरधन्याचीच कातर चालायची, ही त्यांच्या घराण्याची रीत. ती चालल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही. म्हणून चार धडधाकट माणसं एका झोपाळू म्हाताऱ्यापायी विड्या ओढत बसली होती.

दिवाळीपासून ही झोप मागे लागली होती. न्याहारी झाली की आडवा, दुपारी पुन्हा आडवा. अर्धी भाकरी ताटात टाकायची, विहिरीवरून येताना वाटेत दोनदा बसायचं, आणि हाक मारली की घोंगडी आणखी वर ओढायची. कधीकाळी हा माणूस दिवसाला चाळीस मेंढ्या कातरत होता. लोणी देवकरला कारखान्यात असलेला मुलगा, रविराज, आबांना डॉक्टरला दाखवू म्हणाला, तर म्हाळसाने त्यालाच झाडलं. आळसाला कुठलं आलंय औषध?

गेल्या महिन्यात तर कहर झाला. या घराने त्या घरी राबायचं, त्यांनी इथे, अशी भावाभावांची सावड. बिरू सर्जेरावाकडे कातरणीला गेला आणि दिवसभर झोपून, जेवून परत आला. ते ऐकून म्हाळसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सर्जेरावाने विडी विझवली.

"वयनी, दादा उठत न्हाय तर ऱ्हाऊ द्या. पर पुढल्या साली आमी येणार न्हाय. झोपणाऱ्याशी कसली सावड?"

सावड तुटली की मेंढ्या विकाव्या लागणार. म्हाळसा ताडताड लिंबाखाली गेली आणि तिने घोंगडीचं टोक उचललं.

बिरू जागा होता. कुशीवर वळून त्याने ती हरवलेली कातर दोन्ही हातांत धरली होती आणि घोंगडीचीच एक दशी कापू पाहत होता. बोटांना जोर येत नव्हता. पाती मिटत नव्हती.

"वाईच थांब," तो पुटपुटला. "एका मेंढीपुरतं जमंल."

म्हाळसाला राग तर आलेलाच होता, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना. दिवाळीपासून दिलेल्या सगळ्या शिव्या तिला एकदम आठवल्या. तिने त्याच्या बोटांतून कातर सोडवून घेतली, घोंगडी पुन्हा डोक्यापर्यंत ओढली आणि मेंढ्यांकडे गेली.

हाताला लागली ती मेंढी तिने आडवी पाडली, गुडघ्याने दाबली आणि लोकरीत कातर घातली. सर्जेराव उठून उभा राहिला.

"वयनी, ती घरधन्याची कातर हाय."

"ठाव हाय मला. पाय धरा. पुढल्या साली तुमच्या सावडीला मीच येतीया."

सर्जेराव घुटमळला, मग खाली बसला आणि त्याने मेंढीचे पाय धरले. म्हाळसा मान वर न करता, पण चारी माणसांना नीट ऐकू जाईल असं ओरडली,

"आन् तुमी झोपा निवांत. जरा म्हणून लाज न्हाय या माणसाला."

लोकरीचा पहिला पट्टा सुटून आला. थोड्या वेळाने लिंबाखालून घोरणं येऊ लागलं, तेही चारी माणसांना नीट ऐकू जाईल असं. चाळीस वर्षांच्या संसारात बिरू कधी घोरला नव्हता.