सोनाळ्याची सोयरीक

भागवतला सकाळी अर्धी गोळी गीताबाईनंच दिली होती. सख्ख्या आईनं, आपल्या हातानं, पाण्याच्या पेल्यासकट. आता तुम्ही नावं ठेवाल. ठेवा बापडे, पण आधी गोळीशिवाय त्या पोराला पाहुण्यांसमोर बसवून दाखवा. मागं एकदा तिनं नाही म्हटलं, तर त्यानं तिला भिंतीवर ढकललं होतं, आणि मग तिच्याच पायाशी बसून थरथरत रडला होता.

ढाब्यावरच्या दोस्तांत गंमत म्हणून सुरू झालेलं हे खूळ. झोपेच्या गोळ्या, पोरं त्यांना ‘बटन’ म्हणतात. बघता बघता नोकरी गेली, अंगावरचं मांस गेलं, दोस्तही पांगले. खामगावच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, “एकदम तोडल्या तर फिट येईल, जिवावर बेतेल. भरती करा, हळूहळू सोडवू.” पण भरती केलं की गावात, वडनेरात बोभाटा, आणि बोभाटा झाला की पोरगी कोण देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यात तिच्या नवऱ्याचं, वामनरावांचं, एकच पालुपद, “लगन झालं की सुधरते.” आपल्याकडं हे औषध सगळ्या रोगांवर चालतं, खोकला तेवढा सोडून.

म्हणून तिघं भाड्याची गाडी करून सोनाळ्याला मुलगी पाहायला आले होते. पण मुलीचे काका हिंमतराव अजून शेतातून यायचे होते, आणि त्यांच्यावाचून पोहेसुद्धा हलेनात.

भागवतचा गुडघा हलू लागला, तसं गीताबाईनं ओळखलं. गोळीचा अंमल उतरत होता. त्यानं कपाळ पुसलं, पुन्हा पुसलं, आणि तिच्या पर्सकडं पाहिलं. उरलेल्या गोळ्या पर्समध्येच होत्या. ती नजर तिच्या चांगली ओळखीची. इथं, ह्या चारचौघांत त्यानं पर्स ओढली तर? तिनं पर्स पदराखाली घेतली आणि मुलीच्या आईकडं पाहून हसली. हसणं कुठलं, नुसते दात दाखवले.

“घर पाहा ना आमचं,” म्हणत मुलीच्या आईनं तिला आत नेलं आणि आपण हिंमतरावांना फोन लावायला अंगणात गेली. स्वयंपाकघरात मुलगी, मंजुश्री, एकटीच चहा गाळत होती. लहान चणीची, हसऱ्या तोंडाची पोर.

“मावशी,” ती लाजतच म्हणाली, “त्यायले जेवणात काय आवडते? मले अजून समदं नाही जमत.”

गीताबाईला ‘भरीत’ म्हणायचं होतं, पण पोरानं आपणहून खायला कधी मागितलं होतं, तेच तिला आठवेना. आणि एकदम तिला ही पोर आपल्या वडनेरच्या घरात दिसली. पाठ भिंतीला, मुठीत गोळ्या, आणि समोर भागवत. सून कसली आणि काय कसलं, आपण तर आपल्या जागी उभं राहायला माणूस शोधतोय!

“पोरी, त्याले गोळ्या लागतात.”

“शुगरच्या?”

“नशेच्या. नाही भेटल्या तर हात उगारते. मी त्याची माय, तरी मलेच भेव लागते त्याचं. तू हो म्हणू नको.”

मंजुश्रीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“मंग तुमी मले पाहाले आल्याच काऊन, मावशी?”

गीताबाईनं मान खाली घातली. मान वर केली तर दारात भागवत. पर्स मागायला आला होता, सगळं ऐकून उभा होता. तिनं आपसूक तोंडावर हात घेतला.

पण तो जागचा हलला नाही. “माय,” तो म्हणाला, “चाल, घरी जाऊ.” त्याच्या त्या हळू आवाजाची तिला मारापेक्षा जास्त भीती वाटली.

मंजुश्रीनं आईला सगळं सांगितलं, आणि पोहे तसेच राहिले. गाडी गावाबाहेर पडली, तेव्हा पुढं ड्रायव्हरजवळ बसलेले वामनराव कडाडले, “काऊन वं, माही इज्जत धुळीले मिळवाची होती का तुले?”

गीताबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. शेजारी भागवत घामानं निथळत होता, बोटं आखडत होती, दात वाजत होते. “माय, एक दे. एकच.” डॉक्टरांचं बोलणं आठवून तिनं त्याला अर्धी दिली.

“अहो, नांदुऱ्याहून घराकडं नका वळू,” ती म्हणाली. “खामगावले घ्या. भरती करू त्याले.”

“आन लोकायले काय सांगशीन?”

“सांगून आली ना मी आताच.”

नांदुरा आलं, तेव्हा वामनरावांनी ड्रायव्हरला हातानं खामगावचा रस्ता दाखवला.

“माय, तिथं कोंडतीन का मले?” भागवतनं लहान पोरासारखं विचारलं.

“ठाऊक नाही रे बाप्पा. मी हाओ ना संगं.”

त्यानं तिचा हात असा आवळला की तिला कळ आली. तिला त्याची भीती वाटत होती, आणि त्याच्यासाठीही. तिनं हात सोडवून घेतला नाही.