बाहीवरची कारवी

कमूने पायाचं मशीन थांबवलं, भरतकामाचं लाकडी कडं सोडवलं आणि मोठ्या ऐटीत पोलक्याच्या बाहीत हात घातला. हात अर्ध्यावरच अडला.

"अगं बाई!"

कारवीचं निळं फूल असं खुललं होतं की बघत राहावं. फक्त ते बाहीच्या वरच्या कापडातून खालच्या कापडातही उतरलं होतं. बाहीचं तोंडच शिवलं गेलं म्हणा ना! जव्हार संस्थानात तेव्हा मशीन असलेली घरं ती किती, त्यातलं एक जिजामावशीचं. बाजाराला जाताना मावशी बजावून गेली होती, "आधी बाहीची शिवण उसव, मगच कड्यात ताण." त्यावर शाळेत जाणाऱ्या आमच्या कमूबाईसाहेब काय म्हणाल्या? "येतं गं मला सगळं!"

पोलकं तिच्या मैत्रिणीचं, सुकीचं होतं. सुकी आज पहिल्यांदा मोखाड्याला नांदायला निघालेली, आणि रोज घालायला तिच्याजवळ हे एवढंच. "साधंच आहे, पण तुझ्या हातचं काहीतरी काढ," असं म्हणून तिने दिलेलं. तिची सासू न्यायला आली होती, गाडीला बैलसुद्धा जुंपले होते. आणि त्या बाईची जीभ! तिची ख्याती घाट चढून जव्हारात कधीच पोचली होती.

कमूने सुईने टाके उसवायला घेतले, तर खालचं जुनं कापडच विरायला लागलं.

"झालं का गं कमे?" सुकी दारात.

"होतंय."

"दाखव की!" सुकीने पोलकं ओढलं, हात घातला. आधी खुदकन हसली, मग तिचे डोळेच भरले. "आता काय गं? सासूबाई म्हणतील, सून आणली फुलाची नि बाही आंधळी!"

कमूने कात्री उचलली. शिवण उसवून तिने फुलाच्या कडेकडेने फक्त खालचं कापड कापलं. फूल सुखरूप सुटलं, पण बाहीला खालून हे एवढं भगदाड! त्या रंगाचा तुकडा घरात कुठला? कमूने आपल्या लाल परकराच्या घेराकडे पाहिलं, डोळे मिटले आणि कात्री चालवली.

"आई मारेल तुला!"

"ते संध्याकाळचं संध्याकाळी. तू हात अंगालगत ठेव. ठिगळ कुणाच्या बापाला दिसायचं नाही."

"जन्मभर?"

"निदान मोखाड्यापर्यंत तरी!"

ठिगळ लागलं, शिवण पुन्हा घातली, सुकी पोलकं घालून गाडीत चढली. सासूने फूल निरखलं. "हं," एवढंच म्हणाली. गाडी हलली. कमू गाडीकडे बघत उभी. आता वळण, वळलं की सुटलो!

आणि वळणावर सुकीला भरून आलं. वेडीने निरोपाचा हात थेट आभाळात उंचावला. लाल ठिगळ लखलखलं.

सासूने तिचं मनगट धरलं. गाडी थांबली. ठिगळ अंगठ्याने चाचपून सासूने काहीतरी विचारलं. सुकीने कमूकडे बोट दाखवलं. कमूने परकराचं कापलेलं टोक मुठीत लपवलं, पण त्या बाईची नजर नेमकी तिथेच.

"ए पोरी!" सासू कडाडली. "एका बाहीला लाल नि दुसरी कोरी? ही काय रीत झाली? दिवाळीला येईल सुकी, तेव्हा जोडी करून दे!"

गाडी वळली. सुकीचं हसू घाटाच्या वळणामागून ऐकू आलं.

कमूही हसली. मग तिने परकराचा उरलेला घेर पाहिला, आणि आईला काय सांगायचं ते घोकत घराकडे निघाली.